दमदम ते बुलढाणा

बुलढाणा जिल्ह्याला विमानतळ नाही. त्यामुळे आमच्याकडे विमानाने येणारा माणूस निम्माच विमानाने येतो. उरलेला निम्मा त्याला नागपूरला नाहीतर छत्रपती संभाजीनगरला उतरून मोटारीने आणावा लागतो. आगगाडीचे म्हणाल, तर मुंबई-हावडा लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव अशा घाटाखालच्या गावांना भेटून परस्पर निघून जातो. आम्हा घाटावरच्या मंडळींच्या वाट्याला त्याची शिट्टीही येत नाही. खामगाव-जालना मार्ग तर शंभराहून अधिक वर्षे कागदावरच धावतो आहे. तात्पर्य, बुलढाण्याला पोचणे ही एकदम घडणारी गोष्ट नाही. ती टप्प्याटप्प्याने घडते. इतकी वर्षे मी याला गैरसोय म्हणत आलो. २०२५ च्या जानेवारीत एका तीन वर्षांच्या मुलीबरोबर कोलकात्याहून घरी आलो, आणि पोचणे या क्रियापदाचा अर्थ मला नव्याने शिकावा लागला.

ती मुलगी आमची. म्हणजे तेव्हा कायद्याने व्हायची होती. २०२२ च्या डिसेंबरात आम्ही उभयतांनी केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाकडे अर्ज केला. लोक या लांबलचक नावाला 'कारा' म्हणतात. नियम असा, की दोन वर्षांपर्यंतचे मूल हवे असेल, तर नवराबायकोच्या वयांची बेरीज ८५ च्या पुढे जाता कामा नये; दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी ती ९० पर्यंत चालते. आमची बेरीज भरली ८६. आयुष्यभर इतरांना गुण देत आलेला मी अशा रीतीने एका गुणाने नापास झालो आणि पाळण्याच्या वर्गातून थेट दोन ते चारच्या वर्गात बसवला गेलो. कुठल्या राज्यातले मूल हवे, या प्रश्नापुढे सौभाग्यवतींनी 'कुठलेही' अशी खूण केली. मग वाट पाहणे सुरू झाले.

दोन वर्षांनी मुलीचा फोटो आणि माहिती आली. ती पाहून अठ्ठेचाळीस तासांत होकार कळवायचा असतो. सौभाग्यवतींना अठ्ठेचाळीस सेकंदही लागले नाहीत. मी मात्र ती रात्र जागून काढली, आणि कशासाठी, हे सांगताना आज लाज वाटते. मुलगी बंगाली बोलत होती, यासाठी. वीस वर्षे मी वर्गात मातृभाषेचे माहात्म्य सांगत आलो. आता आई मराठी आणि मूल बंगाली, तर यात मातृभाषा कोणती? तीन वर्षांचे मूल म्हणजे कोरी पाटी नव्हे. तिच्याजवळ शे-दोनशे शब्द असतील, आणि तेवढीच तिची स्वतःची मालमत्ता. ती काढून घेऊन आपण तिला काय देणार?

सकाळी होकार कळवला आणि विद्यासागरांचे 'वर्णपरिचय' मिळवून वाचायला बसलो. १८५५ साली निघालेल्या या अंकलिपीवर बंगालच्या कितीतरी पिढ्या वाढल्या. त्यांत आता वऱ्हाडातल्या एका प्रौढ विद्यार्थ्याची भर पडली. आईने स्वयंपाकघरातून विचारले, "काहून रे, या वयात कोनती परीक्षा देतं?" मी म्हटले, तोंडी.

हावड्याहून शेगावपर्यंत थेट गाडी मिळते. पण दिवसरात्रीचा प्रवास, अनोळखी डबा, अनोळखी माणसे, हे त्या वयाला जड जाईल, असे संस्थेतल्या समाजसेविकेने सांगितले. म्हणून दमदमहून नागपूरपर्यंत विमान आणि पुढे मोटार, असा बेत ठरला.

कोलकात्यात चार दिवस राहिलो. रोज सकाळी संस्थेत जायचे, सतरंजीवर बसायचे आणि पसंत पडण्याची वाट पाहायची. मुले तिथल्या बायकांना 'माशी' म्हणत. बंगालीत माशी म्हणजे मावशी. पहिल्या दिवशी एक मूल आमच्याकडे बोट दाखवून 'माशी, माशी' म्हणू लागले, तेव्हा सौभाग्यवती पदराने वारा घालू लागल्या. आमच्या मुलीने डोक्यावर माकडटोपी घातली होती. त्या शहरात जानेवारी आला की थोरामोठ्यांच्याही डोक्यावर ही टोपी चढते. टोपीच्या खिडकीतून ती आमच्याकडे निरखून बघे. हसत नसे, रडतही नसे. तिसऱ्या दिवशी तिने माझ्या चष्म्याला बोट लावून पाहिले. तो दिवस मोठा गेला.

मावशांनी तिची तयारी करून घेतली होती. महिनाभर त्या तिला एकच गोष्ट सांगत होत्या, की तू आता घरी जाणार. बंगालीत घर म्हणजे बाडी. आमच्या वऱ्हाडात बाडी म्हणजे भाजीपाल्याचा किंवा फळझाडांचा मळा, आणि कोकणात वाडी म्हणजे वस्ती. शब्द एकाच घरातले. लग्न होऊन वेगवेगळ्या गावी गेलेल्या बहिणींसारखे. 'तुमि बाडी जाबे,' असे म्हणत मावशांनी निघायच्या दिवशी तिच्या पायांत नवे लाल बूट घातले आणि हातात एक कापडी पिशवी दिली. त्यांतली एक दाराआड जाऊन डोळे पुसून आली. तीन वर्षे जिने भरवले, तिचा हा निरोप. त्या घरात किती वेळा असा निरोप द्यावा लागत असेल, हा विचार मला टॅक्सीत बसल्यावर सुचला. तेव्हा परत जाऊन नमस्कार करायची सोय नव्हती.

टॅक्सी हलली आणि मुलीने पहिल्यांदा विचारले, "एटा बाडी?" हे घर का?

मी म्हटले, "ना." 'ना' दोन्ही भाषांत एकच, हे केवढे उपकार!

विमानतळावर सुरक्षेच्या बाईंनी कागद मागितले. तिकिटावर मुलीचे संस्थेत ठेवलेले नाव होते. आडनाव आमच्याशी जुळत नव्हते. "बच्ची आपकी है?" त्यांनी विचारले. मी शब्दांचा माणूस; 'दत्तकपूर्व संगोपन' या कायदेशीर अवस्थेची व्याख्या हिंदीत कशी करावी, याची जुळवाजुळव करू लागलो. तेवढ्यात सौभाग्यवती मराठीत म्हणाल्या, "हो." बाईंनी कागद वाचले, मुलीची टोपी सारखी केली आणि आम्हाला पुढे सोडले.

यानंतर जे घडले ते माझ्या हातून घडले. वाट पाहण्याच्या दालनात गालिचा होता, खुर्च्या होत्या, दोनचार मुले खेळत होती. मी तिकिटे शोधत होतो. मुलीने विचारले, "एटा बाडी?" आणि मी मान वर न करता म्हणून गेलो, "हो, हो, बाडी."

हा 'हो' तिला बरोबर कळला. ती खुर्चीवर बसली. एकेक करून दोन्ही बूट काढले, खुर्चीखाली शेजारीशेजारी मांडले, पिशवी उशाशी ठेवली आणि पाणी मागितले, "जोल." आपल्याकडे जल हा शब्द सरकारी फलकांवर आणि कवितांत उरला आहे; ही मुलगी तो तहान लागल्यावर वापरत होती. पाणी पिऊन तिने इकडेतिकडे समाधानाने पाहिले. महिनाभर जिची वाट पाहिली ती बाडी तिला मिळाली होती.

वीस मिनिटांनी विमानात बसण्याची सूचना झाली. बूट पुन्हा पायांत घालावे लागले. ती जी रडली, ते मी लिहू शकत नाही. भोवतालच्या लोकांना वाटले, मूल विमानाला भ्याले. ते विमानाला भ्याले नव्हते. माझ्या एका 'हो'वर विश्वास ठेवून ते घरी पोचले होते आणि आता आम्ही त्याला घराबाहेर काढत होतो.

विमानात खिडकीची जागा तिला दिली. रडणे थांबले होते. दोन्ही हात बुटांवर घट्ट ठेवून ती बसली होती. पट्टा लावायला आलेल्या मुलीलाही तिने बुटांजवळ येऊ दिले नाही. खाली हुगळी नदी वळली आणि ढगांत नाहीशी झाली.

आकाशात माणसाला दूरचे आठवते. कोरियातल्या युद्धानंतर १९५५ साली होल्ट नावाच्या अमेरिकन जोडप्याने आठ कोरियन मुले दत्तक घेतली. त्यानंतरच्या वर्षांत पूर्वेकडची हजारो मुले अशीच विमानांतून पश्चिमेला गेली. आपल्या देशातूनही गेली. कित्येकांना चांगली घरे मिळाली. पण काही ठिकाणी या देवाणघेवाणीचा बाजार झाला. मुलांची अशी हेळसांड होत असल्याचे पत्र लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला लिहिले. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले, आणि १९८४ साली न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी निकाल दिला, की मुलासाठी आधी देशातच घर शोधावे, ते न मिळाले तरच परदेशाचा विचार करावा. १९९० साली 'कारा' स्थापन झाली ती या निकालाच्या वाटेवर. परदेशी दत्तकासंबंधीचा हेग येथील १९९३ चा आंतरराष्ट्रीय करार भारताने २००३ साली मान्य केला. २०२४-२५ या वर्षात देशभर ४५१५ मुले दत्तक गेली. त्यांतली ४१५५ देशातल्या देशात. आमच्या शेजारी बुटांवर हात ठेवून बसलेली मुलगी त्या आकड्यातली एक. साता समुद्रांपलीकडे न जाता ती बंगालमधून वऱ्हाडात चालली होती. पण तीन वर्षांच्या मुलाला वऱ्हाड काय आणि विलायत काय, दोन्ही सारखेच लांब.

नागपूर जवळ आले, विमान उतरू लागले आणि तिचे कान दुखू लागले. तिने कानांवर हात दाबले, मग एक हात काढून माझा अंगठा पकडला. चाके जमिनीला लागली, तसा तो सोडून दिला. मी तो अंगठा बराच वेळ तसाच धरून बसलो.

"एटा बाडी?" नागपूरच्या विमानतळावर तिने विचारले, पण मला नाही, सौभाग्यवतींना. माझ्यावरचा विश्वास उडाला होता. त्यांनी गुडघ्यावर बसून, तिच्या डोळ्यांत बघून सांगितले, "ना. अजून ना."

पुढे समृद्धी महामार्ग. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, आणि मुंबईपर्यंतचा सगळा ७०१ किलोमीटरचा मार्ग २०२५ च्या जूनमध्ये पूर्ण झाला. सरळ, रुंद, झोप आणणारा रस्ता. याच रस्त्यावर आमच्या जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ १ जुलै २०२३ च्या पहाटेपूर्वी बस पेटून पंचवीस माणसे गेली. आमचा चालक ते विसरलेला नव्हता. गाडी बेताने चालवत होता. दोन्ही बाजूंना कपाशीची शेवटची वेचणी चाललेली, तुरीच्या पेंढ्या रचलेल्या, मधूनच हरभऱ्याचा हिरवा पट्टा. मुलगी काचेला नाक लावून बघत होती. एकदा ती म्हणाली, "आमि जाबो." मी जाणार. बंगालीतले 'आमि' म्हणजे मी. पण मूळचे ते अनेकवचन, आपल्या 'आम्ही'चे सख्खे भावंड. तिचा 'मी' माझ्या मराठी कानाला 'आम्ही' ऐकू आला. व्युत्पत्तिशास्त्राने माझे आजवर एवढे भले केले नव्हते.

मेहकरला महामार्ग सोडला. मेहकर पैनगंगेकाठचे. तिथे शारंगधर बालाजीची भव्य काळी मूर्ती आहे. १८८८ साली ती जमिनीतून निघाली, तेव्हा साहेब ती विलायतेला नेईल, या धास्तीने गावकऱ्यांनी घाईघाईने प्रतिष्ठापना उरकून घेतली, असे मेहकरात सांगतात. एकदा देव घरात बसला की त्याला उठवायचे नसते. गावाला हे कळत होते. मला दमदमच्या दालनात कळले नाही.

चिखली मागे टाकून बुलढाण्यात शिरलो, तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती आणि हवेत बोचरा गारवा होता. बुलढाण्याचे नाव भिलठाणा या शब्दावरून आले, असे जुने लोक सांगतात. भिल्लांनी जिथे ठाण मांडले ते ठिकाण. कुणीतरी चालत आले, थांबले, आणि त्यांच्या थांबण्याचे नाव गावाला मिळाले.

दारात आई भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. आमच्याकडे नव्या माणसाच्या पायांवर पाणी घालून त्याला घरात घेतात. मी वाकून मुलीचे बूट काढायला गेलो. तिने दोन्ही पाय पोटाशी घेतले. तिने विचारले नाही, "एटा बाडी?" मीच म्हटले, "हो. बाडी." तिने माझ्याकडे पाहिले. हा माणूस पूर्वीही असेच म्हणाला होता.

मी पुन्हा हात पुढे केला, तशी आई म्हणाली, "राहू दे ना बाप्पा. पायातच हायेत ना!" तिने बुटांवरूनच पाणी घातले, भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि म्हणाली, "ये वं माय, घरात ये."

मुलीने चटकन मान वर केली. वऱ्हाडात लहान पोरीला लाडाने 'माय' म्हणतात. बंगालमध्येही मुलीला लाडाने 'मा' म्हणतात. संस्थेतल्या मावशा तिला तशीच हाक मारायच्या. हजार किलोमीटरमध्ये तिच्या ओळखीचे असे हे पहिलेच अक्षर तिला भेटले, आणि तेही माझ्या 'वर्णपरिचया'तून नव्हे, चौथी शिकलेल्या माझ्या आईच्या तोंडून. तिने आईचे बोट धरले आणि ओल्या बुटांनी उंबरठा ओलांडला.

बूट मात्र निघाले नाहीत. त्या रात्री ती बूट घालून झोपली. झोप लागल्यावर काढू या, असे मी सुचवले. सौभाग्यवती म्हणाल्या, "जागी झाली आणि पायात नसले तर? दुसऱ्यांदा फसवायचे तिला?" मी गप्प बसलो. अंघोळीपुरते बूट निघत, तेही तिच्या डोळ्यांसमोर ठेवून. अंग पुसले की परत पायांत. घरात पाहुणा असतो तसा तिचा वावर होता. कुठल्याही क्षणी निघायची तयारी.

शेजारीपाजारी भेटायला येत. पेढे खात आणि हळूच विचारत, "कुठली हो? काही कळलं का, कोणाचं रक्त?" मनाने वाईट माणसे नव्हेत, पण प्रश्न जुना आहे. हा प्रश्न पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनाही विचारला गेला असेल. त्यांनी १८७४ साली एका विधवेचा मुलगा दत्तक घेतला, त्याचे नाव यशवंत ठेवले, त्याला डॉक्टर केले. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई रोग्यांना घेऊन गेल्या त्या या यशवंताच्याच दवाखान्यात. कायद्याने हिंदू घरात मुलगी दत्तक घेण्याची वाट मोकळी झाली ती १९५६ साली. तोपर्यंत दत्तक म्हणजे पिंड देणारा मुलगा. मी शेजाऱ्यांना एवढे व्याख्यान दिले नाही. म्हटले, "२०१९ साली एक वाघ टिपेश्वरहून निघून तेराशे किलोमीटर चालत आपल्या ज्ञानगंगा अभयारण्यात आला. आपण त्याला आपल्या जिल्ह्याचा म्हणूनच मिरवलं की नाही? त्याचं रक्त कुणी तपासलं?" ते हसले. काहींना पटले, काहींना नाही. पेढे मात्र संपले.

दत्तकविधानाचा आदेश आता न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. १ सप्टेंबर २०२२ पासून ही व्यवस्था आली. आमचा आदेश यायला मार्च उजाडला. पण ती त्याआधीच आली होती. ते असे.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी आम्ही चौघे लोणारला गेलो. जिल्ह्याच्या माणसाने नव्या माणसाला लोणार दाखवायचेच असते. आकाशातून येऊन आदळलेल्या अशनीने काळ्या बसाल्टमध्ये पाडलेले, पावणेदोन किलोमीटरहून अधिक रुंदीचे विवर आणि तळाशी खारे पाणी. २०२० च्या जूनमध्ये ते पाणी गुलाबी झाले, तेव्हा सगळे जग बघायला धावले; त्याच वर्षी रामसर यादीतही त्याचे नाव गेले. आम्ही काठावर उभे राहिलो. मुलीने खाली वाकून पाहिले आणि कित्येक दिवसांनी मला विचारले, "एटा बाडी?"

मी खाली बसलो. तिच्या डोळ्यांत बघून म्हटले, "ना."

ती काही बोलली नाही. पण परत येताना ती माझ्या मांडीवर बसली.

घरी पोचलो तेव्हा अंधार पडत होता. गाडीचे दार उघडले तशी ती एकटीच उतरली, पायऱ्या चढली आणि उंबऱ्यावर बसली. आम्ही मागे थांबलो. तिने आधी एक बूट काढला, मग दुसरा. दाराशी आजीची चप्पल आणि माझे जुने जोडे होते. त्यांच्या मधोमध तिने आपले लाल बूट शेजारीशेजारी मांडले. टाचा भिंतीला टेकतील असे सरकवले. कुणाला काही विचारले नाही, आणि अनवाणी आत जायला उठली.

"थांब वं माय," आई म्हणाली. लगबगीने आत जाऊन तांब्या घेऊन आली. उंबऱ्यावरच तिला उभी करून तिच्या उघड्या पायांवर पाणी घातले, पदराने पुसले आणि आमच्याकडे वळून म्हणाली, "आता पोचली."